छातीवरचं नाव, पाठीवरचं नाव

फुटबॉलमध्ये कुठं भानगड झाली की ती सगळ्यात आधी मला कळते. क्लबच्या अध्यक्षांना नंतर, पेपरवाल्यांना त्याच्याही नंतर. मी कोणी गुप्तहेर नाही. नागपुरात बेस्याला माझं जर्सी छापायचं दुकान आहे, यंदापासून ते सुनेच्या हाती दिलंय, आणि मी नुसती खुर्चीवर बसून तिला सूचना करते. ती ऐकत नाही, तो वेगळा विषय. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट मी अगदी पक्की शिकले. खेळाडूनं कुठं तोंड काळं केलं की स्पॉन्सर पहिला फोन जर्सीवालीला करतो.

"काकू, नाव काढायले किती वेळ लागते?" एवढं वाक्य कानावर पडलं की मी चष्मा लावते आणि टीव्हीचा रिमोट शोधते.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जर्सीवर दोन नावं असतात. छातीवर पैसे देणाऱ्याचं आणि पाठीवर घाम गाळणाऱ्याचं. प्लास्टिकच्या पातळ फिल्ममधून अक्षरं कापायची, कापडावर मांडायची, वरून तापलेली प्रेस दाबायची, मनात पंधरा मोजायचे आणि उचलायची. नाव काढायचं तर सगळं उलट. पुन्हा तापवायचं आणि गरम असतानाच अक्षराचा कोपरा चिमटीत धरून ओढायचा. थंड झालं की निघत नाही, जास्त तापलं की कापड जातं. बोटांची कातडी जाड लागते. माझी आहेच, आणि तोंडाची त्याहून जाड आहे असं आमच्या घरी म्हणतात.

बदनामी झाली की स्पॉन्सर कसे वागतील याचा नेम नसतो. एका टीमच्या छातीवर एका शिकवणी वर्गाचं नाव होतं आणि त्याखाली 'शिस्त हाच यशाचा पाया'. त्या टीमच्या कोचनं भर सामन्यात रेफ्रीच्या डोक्यावर पाण्याची बादली उलटी केली. वर्गाचे मालक दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. मला वाटलं, नाव काढायला आले. ते खुर्चीत बसले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "नाव राहू द्या काकू. फक्त शिस्त काढा." मी शिस्त काढली. पुढचा अख्खा हंगाम ती पोरं छातीवर 'हाच यशाचा पाया' घेऊन खेळली, कारण बाकीचं काढायचं सांगायला ते विसरले होते.

आणि एक बिल्डर. त्यांच्या टीमचे दोन खेळाडू हॉटेलात मारामारी करून बसले. बातमी तीन दिवस टीव्हीवर. त्यांचा फोन आला तेव्हा मी प्रेसच तापायला लावली. ते म्हणाले, "काकू, नाव थोडं मोठं करता येते का? रोज दाखवून राहिले ना!"

तर अशा धंद्यात माझे केस पांढरे झाले. पण ज्या भानगडीबद्दल लिहायला बसले ती मंगेश भोयरची. त्यात मी नुसती बघणारी नव्हते, म्हणून ती अजून सोडत नाही.

नागनदी एफसी ही आपल्या नागपूरची व्यावसायिक टीम, राज्याच्या लीगमध्ये खेळणारी. नारिंगी जर्सी, छातीवर 'ढोबळे तिखट'. ढोबळे म्हणजे राजाभाऊ ढोबळे, कळमेश्वरच्या एमआयडीसीत त्यांचा मिरची कांडायचा कारखाना. माणूस मनानं चांगला, पण घाबरट इतका की स्वतःचं तिखट स्वतः खात नाही. टीमच्या चाहत्यांची एक फौज होती, नारिंगी पलटण. त्यांच्या जर्सीही मीच छापायची, आणि त्यातल्या बहुतेकांच्या पाठीवर एकच नाव असायचं, भोयर. मंगेश भोयर, आमचा गोलकीपर. काटोलकडचा, घरी संत्र्याचा बगिचा, उंचपुरा, बोलायला लाजरा. पलटणचा सगळ्यात जुना सभासद माझ्याच दुकानात प्रेस चालवायचा, प्रमोद. वय पन्नास, पोट सुटलेलं, पण मंगेशचं नाव निघालं की सोळा वर्षांच्या पोरीसारखा फुलायचा.

सेमीफायनल आम्ही जिंकलो, पण शेवटी शेवटी मंगेशनं एक असा गोल खाल्ला की काय सांगू. चेंडू हळूहळू घरंगळत आला, मंगेश खाली बसला, हात लावला आणि चेंडू हातातून निसटून मागे गेला. माझ्या नातीनंही अडवला असता. त्या दिवशी सगळे हसले आणि विसरले. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळचा व्हिडिओ. रामदासपेठेत एका चहाच्या टपरीजवळ मंगेश उभा. बाईकवरून एक माणूस येतो, त्याच्या हातात वहीएवढं खाकी पाकीट देतो. मंगेश इकडंतिकडं पाहतो, पाकीट शर्टाच्या आत कोंबतो आणि निघून जातो. खाली लिहिलेलं, 'भोयरनं मॅच विकली'. दुपारपर्यंत तो व्हिडिओ मला चौदा जणांनी पाठवला होता. त्यात माझे भटजीही होते.

क्लबनं चौकशी होईपर्यंत मंगेशला बाहेर बसवलं. पाकिटात काय होतं म्हणून विचारलं तर तो म्हणाला, "घरचं होतं." पुढं एक शब्द नाही. आता सांगा, मनात काही नसतं तर माणूस बोलला नसता का? मलाही तसंच वाटलं. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं.

प्रमोद एकटाच वाद घालत होता. "काकू, तुमी व्हिडिओ नीट पाहा. पाकीट त्यानं डाव्या हातानं घेतलं."

"मग?"

"डाव्या हातानं लक्ष्मी कोणी घेते का? पैसे असते तं उजव्यानं घेतले असते."

मी इतकी हसले की चहा सांडला. म्हटलं, जा, हा पुरावा कोर्टात दे. तो रुसून प्रेस पुसत बसला.

मंगळवारी राजाभाऊंचा फोन. "काकू, रविवारी फायनल आहे. टीमच्या सगळ्या जर्सीवरून माह्यं नाव काढा. आजच्या आज. करारात कलम आहे, बदनामी झाली तं मी नाव काढू शकतो. वकील म्हणते."

"राजाभाऊ, नव्या जर्सी शिवून छापायला वेळ नाही. आहेत त्यांचंच नाव ओढून काढावं लागेल."

"काढा. काही दिसू नाही पाहिजे."

"माझ्या हातचं काम आहे," मी म्हटलं. "डागसुद्धा दिसणार नाही."

हे वाक्य मी कशाला बोलले, देव जाणे.

मी आणि प्रमोदनं सगळी तिखटं ओढून काढली. ट्यूबलाइटखाली धरून पाहिली. छाती कोरी करकरीत. मी स्वतःवरच खूश झाले. जर्सी क्लबच्या माणसानं नेल्या.

मग बुधवारपासून पलटण यायला लागली. एकेकटे यायचे, जर्सी कागदात गुंडाळून, चोरीचा माल आणल्यासारखे. "काकू, पाठीवरचं नाव काढून देजा." काहींचा आवाज रागाचा, काहींचा रडवेला. दुसरा ग्राहक आला की पहिला भिंतीकडं तोंड करून क्रिकेटचं कॅलेंडर वाचायचा. गुरुवारी तर रांग लागली. कॅलेंडर एकच, वाचणारे आठ.

प्रमोदनं हात लावायला नकार दिला. "तुमी काढा काकू. मी लावले आहे, मी नाई काढत."

मग मीच काढत होते. सगळ्यात आधी तापमान पाहायला एक जर्सी लागते. कोणाची बिघडवणार? माझ्याकडं माझी स्वतःची होती, पलटणनं मला भेट दिलेली, पाठीवर भोयर. सामन्यांना मी तीच घालून जायचे. ती प्रेसखाली ठेवली, पंधरा मोजले आणि भोयर ओढून काढलं. काम छान जमलं. बाजूला गोल गोल गुंडाळ्या झालेली अक्षरं पडली होती, ती मी झाडूनं लोटली. त्या वेळी मनाला काहीच लागलं नाही.

शुक्रवारी दुपारी मंगेश आला. मी उभीच राहिले. व्हिडिओतला माणूस थेट दारात, हातात पिशवी. प्रमोदनं मात्र पळत जाऊन त्याला खुर्ची दिली.

मंगेशनं पिशवीतून एक जर्सी काढली. "काकू, ही बाबाची आहे. रोज घालून फिरते. बाजारात लोक चिडवून राहिले, पाकीट पाकीट म्हणून. मी म्हटलं, बाबा, नका घालू. ऐकतच नाई. मंग तुमी नाव काढून टाका. कोऱ्या जर्सीले कोणी काही म्हणणार नाई."

मी ती हातात घेतली. धुऊन धुऊन मऊ झालेली, गळ्याशी संत्र्याच्या रसाचा डाग. पाठीवर भोयर. आणि मला अचानक संताप आला. कोणाचा ते नीट कळलं नाही, पण आवाज चढला.

"मंगेश, तुझ्या वडिलांचं आडनाव काय?"

"भोयर."

"मग हे तुझं नाव कुठंय? हे त्यांचं आहे. तुझ्या जन्माच्या आधीपासूनचं. ते काढायचं असेल तर त्यांनी स्वतः यावं. मी नाही काढत."

तो खाली मान घालून हसला. खूप दिवसांनी हसत असावा, कारण हसता हसताच डोळे भरले. जर्सी परत घ्यायला त्यानं हात पुढं केला. डावा हात. घडी घालायला गेला तर तीही डाव्यानंच. उजवा हात पँटच्या खिशात.

आता चिमटीनं अक्षरं ओढण्यात जन्म गेलेल्या बाईला बोटांचं काही सांगावं लागत नाही. मी म्हटलं, "उजवा हात काढ बाहेर."

"काही नाई काकू."

"काढ म्हणते ना!"

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिळून एक वांगं झालं होतं. रंगसुद्धा वांग्याचा.

मग सगळं बाहेर आलं. सेमीफायनलच्या दोन दिवस आधी सरावात बोट मोडलं. कोचला कळलं असतं तर बसवलं असतं, आणि त्याचा पुढच्या हंगामाचा करार व्हायचा होता. म्हणून त्यानं गुपचूप रामदासपेठेत एक्स-रे काढला. तिथला ओळखीचा माणूस बाईकवरून तो पोचवायला आला होता. खाकी पाकिटात एक्स-रे होता. मंगेशनं मॅच विकली नव्हती, मोडक्या बोटानं खेळून जिंकायला निघाला होता. आणि आता खरं सांगितलं तर क्लबपासून लपवल्याचा गुन्हा, नाही सांगितलं तर विकल्याचा. बिचारा दोन्हीकडून अडकला होता.

"पाकीट कोठी आहे?" प्रमोदनं विचारलं.

मंगेशनं पिशवीतून काढून दिलं. आज पुन्हा डॉक्टरकडं जायचं होतं.

आमच्या दुकानात छपाईची जाळी तयार करायला काचेचं टेबल असतं, खालून ट्यूबलाइटी. प्रमोदनं खोलीतले दिवे घालवले, टेबल पेटवलं आणि एक्स-रे त्यावर पसरला. पांढरीशुभ्र करंगळी, आणि तिच्यात आडवी काळी रेघ. पहिल्यांदा बाप होणाऱ्या माणसानं सोनोग्राफी पाहावी तसा प्रमोद त्या रेघेकडं पाहत राहिला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "डावा हात! मी बोललो होतो का नाई? बोललो होतो का नाई!"

"बोलला होतास रे बाबा. पण कारण चूक होतं."

"कारण मरू द्या ना काकू!"

मंगेश नको नको म्हणत होता. मी म्हटलं, "हे बघ, बोटाचा गुन्हा कबूल कर. त्यात माणसाची मान खाली जात नाही." त्यानं एक्स-रे टेबलावरून उचलला, पुन्हा ठेवला आणि म्हणाला, "बोलवा मंग."

प्रमोदनं पलटणला फोन लावले. अर्ध्या तासात दुकानात पाय ठेवायला जागा नाही. काचेच्या टेबलाभोवती नुसती डोकी. खालचा उजेड सगळ्यांच्या हनुवट्यांवर. एकानं एक्स-रेच्या कोपऱ्यातली तारीख आणि वेळ मोठ्यानं वाचली. व्हिडिओच्या एक तास आधीची. मग जो कल्ला झाला! परवा भिंतीकडं तोंड करून उभे असलेले आज त्या मोडलेल्या हाडाचं कौतुक करत होते.

"पाह्य बे, काय तुटलं आहे! असं बोट घेऊन खेळला!"

"म्हणून सुटला ना थो बॉल!"

"मी तं पहिल्या दिवसापासून म्हणून राहिलो होतो." हे म्हणणारा बुधवारी पहिला आला होता. मी त्याच्याकडं पाहिलं. तो कॅलेंडरकडं वळला.

मंगेशला ते तसेच खांद्यावर घेऊन क्लबच्या ऑफिसात निघाले. दारात त्याचं डोकं चौकटीला आपटलं, म्हणून मग खाली उतरवून चालत नेलं. क्लबनं एक्स-रे पाहिला, रेडिऑलॉजीवाल्याला बोलावून विचारलं, मंगेशला लपवल्याबद्दल भरपूर झापलं आणि विकल्याचा आरोप मागे घेतला. फायनल त्याला खेळता येणार नव्हती, पण नावावरचा डाग गेला.

शनिवारी पलटण पुन्हा माझ्या दारात. आता कागदात गुंडाळलेलं काही नाही, जर्सी झेंड्यासारख्या हातात. "काकू, नाव लावा!" प्रमोद प्रेसवर उभा, गाणी म्हणत भोयर भोयर छापतोय. माझीही जर्सी मी त्याच्याकडं सरकवली. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, काही बोलला नाही, आणि नाव लावून दिलं. त्यानं बोललेलं मला जास्त सोसलं असतं.

संध्याकाळी राजाभाऊंचा फोन. "काकू, माह्यं नाव परत लावता येते का? सगळे टीमची तारीफ करून राहिले."

"राजाभाऊ, जर्सी मैदानावर गेल्या."

"आरे देवा," एवढंच म्हणून त्यांनी ठेवला.

रविवारी चारला फायनल. ऊन असं की नागपूरकरांनाच ठाऊक. टीम धावत मैदानात आली आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. प्रत्येकाच्या छातीवर, फिकट नारिंगीवर गडद नारिंगी, 'ढोबळे तिखट'. हंगामभर उन्हानं सगळी जर्सी विटली होती, फक्त अक्षरांखालचं कापड झाकलेलं राहिलं होतं. ट्यूबलाइटखाली जे दिसलं नाही ते उन्हात शेवटच्या रांगेतून वाचता येत होतं. माझ्या हातचं काम!

मी खुर्चीखाली जावं की काय असा विचार करत होते, तेवढ्यात राजाभाऊ उठले. पेपरवाल्यांकडं गेले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "पाहा! सगळ्यायनं साथ सोडली असती. ढोबळे तिखट आहे तिथीच आहे!" फोटो निघाले. मला लांबूनच त्यांनी हात जोडले. त्या दिवसापासून माझ्या घरी तिखट विकत आणावं लागलेलं नाही.

मी हसून हसून बेजार. मग सहज पुढच्या रांगेकडं लक्ष गेलं आणि हसू अडकलं.

पलटण आमच्याकडं पाठ करून नाचत होती. भोयर, भोयर, भोयर. आणि प्रत्येक नव्या भोयरच्या मागे, सुताएवढा सरकलेला, गडद रंगाचा आधीचा भोयर. कोणी नाव काढलं आणि परत लावलं ते त्या उन्हात लिहून ठेवल्यासारखं दिसत होतं. ज्यांनी काढलंच नव्हतं त्यांची पाठ स्वच्छ, एकच नाव. प्रमोदची स्वच्छ. अजून चार-पाच असतील. सामन्यातला एकमेव गोल आम्ही केला म्हणतात. मी पाहिला नाही. मी पाठी वाचत होते.

आणि मग आठवलं की मलाही पाठ आहे. मी टेकून बसले. खेळ संपला, सगळे उड्या मारत होते, मी टेकूनच.

मंगेश आला, उजव्या हाताला प्लास्टर, सोबत धोतर-टोपीतले एक म्हातारे आणि धोतरावर ती मऊ नारिंगी जर्सी. "काकू, हे बाबा." म्हाताऱ्यानं हात जोडले. मंगेशला पाया पडायची घाई, मी उठून त्याला थांबवायला गेले, आणि मागून ऊन पडलं.

म्हाताऱ्यानं पाहिलं. शेतकऱ्याची नजर, पानावरचा ठिपका सुटत नाही. "बाई, तुमच्या पाठीवर आमचं नाव दोनदा दिसून राहिलं."

"एकदा काढलं होतं मी, दादा," मी म्हटलं. "सगळ्यांच्या आधी."

ते म्हणाले, "माह्यं नाई काढलं ना. पोरगं घेऊन आलं होतं, तरी नाई काढलं." आणि काखेतल्या पिशवीतून एक संत्रं काढून माझ्या हातावर ठेवलं.

ती जर्सी मी नंतर घातली नाही. दुकानात खिळ्याला टांगून ठेवली आहे. आता कोणी नाव काढायला आलं की मी प्रेस तापवत नाही. आधी ती जर्सी काढते, त्या माणसाला हाताला धरून बाहेर उन्हात नेते आणि पाठ दाखवते. सून म्हणते, आई, अशानं गिऱ्हाईक जातं. जातंच. काही जण तिथूनच जर्सी घालून घरी जातात.